कच्चा आकडा

कचेरीत त्यांना सगळे आकडेताई म्हणत. नाव थट्टेने पडलं होतं, ताईंनी ते पदवीसारखं मिरवलं. बालआरोग्याच्या अभ्यासासाठी घरोघरून भरून आलेले फॉर्म संगणकात चढवायचे, एवढंच त्यांचं काम. बाळाचं वजन कमी असेल तर एक, नसेल तर शून्य. बाराशे बाळं त्यांनी अशी निकालात काढली होती. मग अभ्यास चालवणाऱ्या मॅडम लॉजिस्टिक रिग्रेशन नावाचं गणित लावून बघत, की घरातल्या कोणत्या गोष्टीसोबत तो एक येण्याची शक्यता किती पट होते.

घरी धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचं दहा महिन्यांचं किरकोळ बाळ. भावजय औषधाच्या कारखान्यात बाटल्या उजेडात धरून तडे शोधायची. जाताना बाळाला पाळणाघरात सोडायची. ती सातला निघायची, म्हणून सकाळचा स्वयंपाक ताईंच्या गळ्यात पडला होता. बाळाच्या वजनापेक्षा ताईंना तेच जास्त खुपायचं.

एके दिवशी पहिला निकाल आला. आई घराबाहेर काम करत असेल, तर बाळाचं वजन कमी असण्याची शक्यता दुप्पट. मॅडमनी बजावलं, "हे कच्चं आहे हं. मिळकत, पाणी, आईचं शिक्षण, काहीच यात धरलेलं नाही. कागद बाहेर नेऊ नका."

ताईंनी तो त्याच संध्याकाळी पर्समधून घरी आणला.

"दुप्पट!" त्यांनी भावापुढे कागद नाचवला. "मी नाही म्हणत, संगणक म्हणतोय."

"पण ताई, बाळाचं दूध माझ्याच पगारातून येतं," भावजय म्हणाली.

"आकडा काय तुझ्या सोयीने चालतो?"

भावाने कागद उलटासुलटा पाहिला. त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. "ताई एवढ्या मोठ्या ऑफिसात आहे, उगाच सांगेल का?" तो म्हणाला. सोमवारी भावजयीने नोकरी सोडली. कारखान्याची पांढरी टोपी परत करताना ती रडली म्हणे. ताईंना सकाळचा चहा हातात मिळू लागला, आणि खरं सांगायचं तर त्या सुखावल्या.

दोन महिन्यांनी पक्का निकाल आला. मिळकत आणि पाणी हिशेबात धरल्यावर ती दुप्पट विरघळून गेली. उरली एक पट, म्हणजे फरकच नाही. मॅडम खूश होत्या. "बघा, आईच्या कामाचा काही दोष नाही. मिळकत कमी असते म्हणून बायका बाहेर पडतात आणि त्याच घरांत मुलं रोडावतात. काम सोडायला लावलं तर उलट हालच." ताईंनी तोही कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

घरी भावजय दवाखान्यातून नुकतीच आली होती. बाळाचं वजन आणखी अर्धा किलो उतरलं होतं. भावाच्या एकट्याच्या पगारात दूध निम्म्यावर आलं होतं, बाळाच्या बाटलीत आता निम्मं पाणी असायचं.

"ताई, मी तर घरीच बसले. मग असं का हो? तुमच्या कागदात काही लिहिलंय का?"

नवा कागद पर्समध्येच होता. ताईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"लिहिलंय ना," त्या म्हणाल्या. "तू नोकरी सोडायला उशीर केलास."

"चुकलंच माझं," भावजय म्हणाली. डोळे पुसून तिने ताईंपुढे चहा ठेवला, नेहमीसारखाच, भरपूर दुधाचा.