पौषातलं वऱ्हाड: मंडई ते येरवडा

लोकांचे परदेशवारीचे फोटो बघून तुम्ही दमला असाल, म्हणून माझा हा मंडई ते येरवडा प्रवास. बांधकाम परवानगी खात्यात मी जन्मभर लोकांचे अर्ज नाकारले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एक मंजूर करून घ्यायला निघाले.

कारण सुशीलाबाई. मंडईबाहेर लिंबं विकतात आणि दुकानं बंद झाली की तिथल्याच फुटपाथवर झोपतात. सोबत आणखी आठ जण. दुसऱ्या दिवशी तो फुटपाथ खणायला घेणार होते आणि थंडी मरणाची पडली होती. येरवड्यात माझ्या मावसभावाचं मंगल कार्यालय पौषात रिकामंच असतं. तो म्हणाला, "राहू देत, पण कागद आण. नंतर मला नोटीस नको."

सकाळी मंडईजवळ मिसळ खाल्ली (तुम्हीही खा, पुढे धीर लागतो) आणि सुशीलाबाईंना घेऊन माझं जुनं ऑफिस गाठलं. जेवणाच्या सुट्टीआधी पोचा. ती कधी संपते हे तिथल्यांनाही ठाऊक नसतं.

साठे एकेकाळी माझ्या हाताखाली होते. फाइल न उघडताच म्हणाले, "मॅडम, माणसं राहणार म्हणजे निवासी वापर. पार्किंग दाखवा."

"अहो, यांच्याकडे गाड्या कुठल्या?"

"असं म्हणणाऱ्यांना तुम्ही काय सांगायचात?"

मला पाठ होतं. "आज नसेल, उद्या घ्याल."

सुशीलाबाई म्हणाल्या, "लग्नाची माणसं ऱ्हात्यात की वो तिथं. त्यांचं चालतंय?"

साठ्यांनी नियमावली उघडली. वऱ्हाडाच्या मुक्कामाला परवानगी होती. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं.

"पण पौषात वऱ्हाड?" मी बोलून गेले. जुनी खोड.

"नियमात पंचांग नाही, मॅडम." त्यांनी शेरा मारला: तात्पुरता मुक्काम, पौष संपेपर्यंत, आग विझवायचं यंत्र हवं, दोन्ही दारांना कुलूप नको.

पुढे बसनेच जा. रिक्षावाल्याला येरवडा म्हटलं की तो आधी गुन्हा विचारतो. संध्याकाळपर्यंत नऊही जण बोचकी घेऊन पोचले. सुशीलाबाईंनी 'वधूपक्ष' लिहिलेली खोली घेतली आणि विचारलं, "पौष सरल्यावर वो?"

"बघू," मी म्हणाले. पुण्यात याचा अर्थ काय होतो, ते त्यांनाही माहीत असावं.

घरी आले. आमच्या इमारतीत माझ्या नावाचं पार्किंग आहे. पाटी मीच लिहिलेली: 'येथे गाडी लावू नये. पुन्हा सांगितले जाणार नाही.' टेप आणून जागा मोजली. तीन माणसं पाय पसरून झोपतील एवढी जागा मी इतकी वर्षं अडवून ठेवली आहे, उद्या गाडी घेईन म्हणून. खरंच लाज वाटली.