आयेच्या पोपटीतले गोटे

आये गेली त्याच्या तेराव्याला आमच्या ओटीवर माणसं बसली होती. आली होती गंभीर तोंडं करून, पण चहा फिरेपर्यंत निम्मी हसायला लागली. वालाचा एक वेल उपटायला गेलं की शेजारचे चार सोबत येतात ना, तसं झालं. एकानं आयेचा किस्सा काढला की दुसऱ्याचा गुंतून बाहेर.

आये म्हणजे बाबांची आई. मम्मी सकाळीच शेतावर जायची, म्हणून मला वाढवलं आयेनं. निडी स्टेशनातून चालत आलात की आमची वाडी. वाडीत सगळ्यांचीच ती आये.

*

तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं. पेन्शनचा फॉर्म भरायला मी तिला रोह्याला नेली. खिडकीतले साहेब म्हणाले, "आजी, वय सांगा."

"तुमीच बगा नं."

"असं बघून नाय लिहिता येत. काय आठवतं का?"

"देश सोतंत्र झाला तवा मी शेळ्या राखत व्हती."

"म्हणजे तेव्हा किती वर्षांच्या?"

आयेनं बोटं मोडत विचार केला. "सात शेळ्या व्हत्या."

साहेबांनी सात वर्षं धरली. सरकारी कागदावर आयेचं जे वय हाय ते शेळ्यांवरून हाय.

*

शेजारी रिबकाबाय राहायची, ज्यू होती. शनिवारी ती चूल पेटवत नसे, तर आये जाऊन पेटवून द्यायची. बाबा पाळण्यात होते तेव्हा रिबकाबायचं सगळं घर इस्रायलला गेलं. जाताना आयेनं तिच्या पदराला मूठभर वाल बांधले.

दोन वर्षांनी पत्र आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. वाल उगवले, शेंगा पण धरल्या, पण इथं पोपटीला, शेंगा भाजायला, मडकं मिळत नाय.

दुसऱ्या दिवशी आये मडकं घेऊन पोस्टात.

"बाई, हे वाटेत फुटेल," पोस्टमास्तर म्हणाले.

"मंग हलू न्या."

मडकं परत घरी आलं. आयेनं त्यात कधी काय शिजवलं नाय. बियाण्याचे वाल राखेत घालून त्यात ठेवायची. आम्ही त्याला रिबकाचं मडकंच म्हणायचो.

*

दहावीत मी गणितात आणि इंग्रजीत उडालो. बाबा कंपनीतून शिफ्ट करून आले ते थेट पट्टा काढायला. आये मधी येऊन उभी.

"इषय किती व्हते?"

"सहा," मी म्हणालो.

"गेले किती?"

"दोन."

आये बाबांकडं वळली. "तुज्या सहा पोत्यांतलं दोन पोती भात पोचट निगतं. तवा शेताला मारतोस?"

बाबांनी पट्टा परत कमरेला घातला. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, आये हाय तोवर आपल्याला काय होत नाय. तेच वाईट झालं.

*

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडं पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. तोंडात पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. वाडीत मडकं भरायचा मान आयेचा. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

तीन वर्षांमागं पेणच्या आत्याची सासरची माणसं पोपटी खायला आली. आये पाला आणायला परसात गेली तेवढ्यात मी चार बटाटे काढले आणि कुंडलिका नदीतले चार गोल गोटे आत सारले. एका गोट्यावर पांढरा पट्टा होता, तो मला आवडलेला.

आयेनं मडकं गोणपाटावर ओतलं आणि गोटे धडाधडा खाली. आत्याच्या सासूनं एक उचलला, चटका बसला तशी टाकला.

आयेनं सगळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं नाय. म्हणाली, "मीच घातलेत. वाफ धरून ठेवतात."

पेणची माणसं माना हलवत जेवली. पुढच्या थंडीत आत्याचा फोन, तिच्या घरी आता सगळे गोटे घालून पोपटी लावतात.

आम्ही हसलो, पण मम्मी नाय हसली. पोपटीच्या दिवशीच ती बाबांना म्हणाली होती, "आयेला दिसत नाय आता. पुढच्या साली मडकं मी भरते."

दोन थंड्या मम्मीनं भरलं. आये ओटीवर बसून बघायची, हात मांडीत. गोटे माझे होते, एवढंच सांगायचं होतं मला. नाय सांगितलं. बाबांचा पट्टा माहीत होता.

आणि एक. पाहुणे गेल्यावर मी गोटे गोळा केले, तर अंगणात तीनच. पट्ट्यावाला मिळाला नाय.

*

मागच्या थंडीत आये अंथरुणाला लागली. डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते द्या. आयेनं काय मागितलं नाय. शेंगा भरल्या, वाडीत पोपटीचा वास यायला लागला, तरी नाय.

मी रिबकाच्या मडक्यातलं बियाणं डब्यात काढलं, मडकं धुतलं आणि शेंगांसकट आयेच्या खाटेवर ठेवलं.

"तिच्याकडं नको," मम्मी म्हणाली. "परत दगड घालेल."

"ते गोटे मी टाकले होते."

मम्मीच्या हातात उलथनं होतं. दोन फटके बसले, तिसरा बाकी होता. बाबा नुसते बघत राहिले, पट्ट्याला हात पण लावला नाय.

"मारू नको गो त्याला," आये म्हणाली. "मीठ आन."

कुशीवर पडून तिनं मडकं भरलं. शेंगांच्या थराला जेवढा वेळ लागावा त्याच्या चौपट लागला, पण मम्मी दारात उभी राहिली, आत नाय आली. मधेच आये मला म्हणाली, "पाला कमी हाय रं. बांधावरचा आन." मी आणून दिला. तिनं मडक्याच्या तोंडात कोंबला.

दुपारी अंगणात पेंढा पेटवला. अर्ध्या तासानं मी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. घरातून आयेचा आवाज आला, "झाली."

बाबांनी मडकं ओतलं. शेंगा, बटाटे, अंडी. आणि एक गोटा, पांढऱ्या पट्ट्याचा.

सगळे माझ्याकडं वळले.

"आयेची शपथ, मी नाय."

मम्मीनं गोटा पदरात धरला आणि आत गेली, मी पाठोपाठ शेंगांची ताटली घेऊन. आयेनं एक दाणा तोंडात टाकला, हिरड्यांनी चेपत राहिली.

"आये, ह्यो गोटा?" मम्मीनं विचारलं.

आयेनं दाणा गिळला. या वेळी माझ्याकडं बघितलं.

"वाफ धरतो."