कूलरवाल्यांचं सातवं माणूस

मनीषनगरात एप्रिल काढायचा तर घरात माठ हवा आणि मोबाईलमध्ये सिंधूताईंचा नंबर. माठ एखाद्या वेळी फुटला तरी चालेल.

तुम्ही फोन करून म्हणता, “ताई, कूलर आवाज करून राहिला.” पलीकडून शांतपणे उत्तर येतं, “मोबाईल धरा त्याच्याजवळ.” तुम्ही धरता. अर्धा मिनिट त्या कूलरचं गाऱ्हाणं ऐकतात. मग निदान येतं: “मोटर चांगली आहे. पात्याले सुतळी अडकली. पहिले बटन बंद करा, मंग काढा. कोनाले पाठवत नाही मी.” सुतळी निघते. डॉक्टरसुद्धा फोनवर इतकं बरोबर सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी फी घेतात.

दुकान मात्र बळीरामभाऊंचं. पाटीवर तसं लिहिलेलं आहे, शेजारी त्यांचा मिशीवाला फोटोही आहे. सिंधूताई त्यांच्या बायको. दुकानाच्या दाराशी पोतं अंथरून बसायचं, खांदा आणि कान यांच्यात फोन दाबायचा, आणि मोठ्या दाभणाने कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या शिवायच्या. बावीस वर्षं हा कार्यक्रम चालू आहे. त्यांची मान आता डावीकडे थोडी कलती झाली आहे, त्यामुळे त्या नेहमी समोरच्याच्या बोलण्यावर शंका घेत असल्यासारख्या दिसतात. बहुधा घेतही असतात.

यंदा फेब्रुवारीत मार्तंडचा हर्निया वाढला. मार्तंड हा पत्रा कापणारा, दुकानातला सगळ्यांत जुना माणूस. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, तोवर वजन उचलू नका. कूलरवाल्याला वजन उचलू नको म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला ओला होऊ नको म्हणणं. मार्तंडने पोटाला पट्टा बांधला आणि म्हणाला, “सीझन झाला की पाहू.” मागच्या दोन सीझनलाही तो हेच म्हणाला होता. सरकारी योजनेचं विचारलं तर त्याचं नाव अजून उमरेडकडच्या गावच्या रेशनकार्डावर. ते इकडे आणायचं काम त्याने तीन वर्षांपासून सोमवारवर ठेवलेलं.

अशात अस्मिता घरच्या कूलरच्या ताट्या बदलून घ्यायला आली. ही पोरगी विम्याचं काम करते. मार्तंडला पट्टा आवळताना पाहून तिने विचारलं, आणि स्टुलावर बसून समजावलं. एकट्याचा विमा काढला तर जुन्या दुखण्यासाठी तीन वर्षं थांबावं लागेल. पण दुकानाने सगळ्यांचा मिळून काढला, तर तिच्याकडच्या पॉलिसीत जुनं दुखणंही पहिल्या दिवसापासून धरतात. हप्ताही दुकानाला झेपेल असा.

“फक्त पगारावर सात माणसं पाहिजेत, काका. तुम्ही धरून.”

बळीरामभाऊंनी मोजलं. सहा. मग कूलर मोजतात तसं एकेकाला हात लावून मोजलं. तरी सहाच.

दुकानाचं काम थांबलं आणि सातव्याचा शोध सुरू झाला. भाऊंचा मुलगा प्रशिक पुण्यात शिकतो, तो बाद. कोणीतरी चहावाल्याचं नाव सुचवलं.

“खोटं नाव नाही चालत, काका,” अस्मिता म्हणाली. “पुढे क्लेम केला की तेच अडचणीत आणते.”

कोपऱ्यात मुकुंदराव बसले होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते रोज दहा ते बारा इथेच फुकटचा पेपर वाचतात. त्यांनी चष्मा वर केला. “हजेरी म्हणाल तर माझी सगळ्यांत चांगली आहे.”

“आन् काम?” मार्तंडने विचारलं.

“ते बँकेतही कोणी विचारलं नाही.”

इतक्यात फोन वाजला. सिंधूताईंनी तो खांद्यात दाबला, टाका घालता घालता ऐकलं, “पंपात कचरा आहे, धुऊन काढा,” म्हणून ठेवला, आणि दोरा दातांनी तोडला. अस्मिता बघतच राहिली.

“काकू, तुम्ही इथे किती वर्षांपासून काम करता?”

“ती काम नाही करत,” भाऊ चटकन म्हणाले. “ती घरची आहे.”

पत्र्यावरची हातोडी थांबली. मुकुंदरावांनी पेपर घडी करून ठेवला. मार्तंडला हसू फुटलं, त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं. “भाऊ, हसवू नका गा. दुखते.”

सिंधूताईंनी दाभण पोत्यात खोचलं. “बावीस वर्षं मी आराम करून राहिली वाटते, बाप्पा. मलेच माहीत नव्हतं.”

भाऊंनी डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, “मंग तू होते का वं सातवी?”

“पाहते. पगार किती देता?”

“अवं, घरातल्या घरात कायले पगार?”

“मार्तंडभाऊले जितका देता तितका. माझ्या खात्यात. आन् रविवारची सुट्टी.”

“रविवारीच तर गिऱ्हाईक येते!”

“म्हणून तं मागून राहिली.”

भाऊ छताकडे पाहू लागले. पगारावर त्यांची मान हलली होती, रविवारावर गाडी अडली होती. शेवटी मार्तंडच बोलला. “द्या ना भाऊ. माझं पोट तुमच्या रविवारात अडकलं आहे.”

भाऊंनी रविवार दिला.

नेमणुकीच्या पत्रावर त्यांनी आपल्या हाताने लिहिलं, पद: मदतनीस. ताईंनी वाचलं आणि कागद परत केला. मार्तंडने ‘डॉक्टर’ सुचवलं. अखेर ‘मुख्य कारागीर’ ठरलं. पुढे फॉर्मवर जुने आजार लिहायचे होते, तर दुकानातल्या पोरांत चढाओढ लागली. एकाने सहावीतल्या कांजिण्यासुद्धा घातल्या. “मले काही नाही,” भाऊ छाती काढून म्हणाले. त्यांच्या फॉर्मवर ताईंनी लिहिलं, ‘ऐकू कमी येते, फक्त घरी.’ ते अस्मिताने खोडलं.

मार्चच्या मध्याला मार्तंडचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्याने कार्ड पुढे केलं, कागदपत्रं गेली, मंजुरी आली आणि टाके पडले. तिसऱ्या दिवशी तो संत्रा बर्फी घेऊन दुकानात हजर. तक्रार एकच होती. “एसीची खोली देली होती भाऊ. झोपच नाही लागली. काही आवाजच नाही करत ते.”

वजन उचलायला त्याला मनाई आहे, म्हणून सध्या तो स्टुलावर बसून बाकीच्यांना सूचना देतो. बाकीच्यांच्या मते त्यापेक्षा त्याचं दुखणंच बरं होतं.

परवा रविवारी दुकानात गेलो. पोत्यावर बळीरामभाऊ बसले होते, हातात दाभण, अंगठ्याला चिंधी. शिवलेली ताटी वाळ्याच्या घरट्यासारखी दिसत होती. फोन वाजला. भाऊंनी तो खांद्यात दाबायचा प्रयत्न केला, तो मिशीवरून घसरून पोत्यावर पडला. उचलून कानाला लावला. पलीकडे कूलर बराच वेळ करकरत होता. भाऊ भुवया गोळा करून ऐकत राहिले, परीक्षेत न वाचलेल्या धड्यावरचा प्रश्न यावा तसे. मग त्यांनी हळूच दुसऱ्या मोबाईलवरून ताईंना फोन लावला.

“आज सुट्टी आहे माझी,” घरून आवाज आला. “आन् अंगठा टोचला असन तं अस्मिताले फोन करा. विमा आहे तुमचा.”

भाऊंनी पहिला फोन पुन्हा कानाला लावला. घसा साफ केला, पाठ सरळ केली, आणि पाटीवरच्या फोटोत आहे तसा चेहरा केला.

“आमचे मुख्य कारागीर आज सुट्टीवर आहेत,” ते म्हणाले. “उद्या करा.”

स्टुलावर मार्तंड हसायला लागला. चांगला खदखदून, पोटाला हात न लावता.