बोलक्यांचा मजला

रुग्णालयात तिला सगळे गणितबाई म्हणत. नव्या इमारतीत कोणता विभाग कोणाशेजारी ठेवायचा, हे तिने सुचवायचं होतं. तिने आतल्या फोनांच्या नोंदी घेतल्या. बोलणं काय झालं ते नाही, फक्त कुठून कुठे फोन गेला तेवढंच. प्रत्येक विभाग कुठल्या तरी गटातला, आणि कोण कोणाला किती फोन करणार हे त्या गटांवरून ठरतं, असं धरून तिने संगणकावर गणिती मॉडेल चालवलं. औषधभांडार, रक्ततपासणी, धुलाई आणि लिफ्टदुरुस्ती हे एका गटात आले.

अधीक्षक खूश झाले. "चौघांना वरचा मजला देऊन टाकू. उद्या भिंतींची आखणी."

संध्याकाळी जेवताना सासूबाईंचा फोन काही सुटेना. नणंद म्हणाली, "आई आणि काकू, दोघींचे फोन सदा एंगेज. एकमेकींना मात्र कधी करत नाहीत."

"तिला काही सांगितलं की गावभर होतं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुला सांगितलं की?"

"मी फक्त घरच्यांना सांगते."

गणितबाई हसता हसता थांबली. तिच्या मॉडेलने या दोन जावांनाही एका खोलीत बसवलं असतं. ताट बाजूला सारून तिने नोंदी उघडल्या. त्या चौघांना सगळं रुग्णालय फोन करत होतं, पण ते आपसात क्वचितच बोलत. मॉडेलने गट शोधलाच नव्हता, नुसते बोलके गोळा केले होते. आणि त्यापायी तातडीच्या विभागातल्या नर्सला औषधासाठी वरच्या मजल्यावर धावावं लागणार होतं. तिने प्रत्येक विभागाचा बोलकेपणा वेगळा धरला आणि तो वजा करूनही कोण कोणाशी जास्त बोलतं, ते नव्याने काढलं.

सकाळी ती अधीक्षकांच्या दारात उभी. "साहेब, आखणी थांबवा. माझी चूक झाली."

"काल तर छातीठोकपणे सांगत होतात."

"काल बोलक्यांची मोट बांधली होती. औषधभांडार आणि रक्ततपासणी तातडीच्या विभागाला लागून हवेत. धुलाई शस्त्रक्रियेच्या खाली."

अधीक्षकांनी नकाशा ओढून घेतला, कुरकुरत दोन चौकोन खोडले. "आणि लिफ्टवाले?"

"ते सगळ्यांचेच. कुठेही बसवा."

"माझ्या शेजारी नको. दिवसभर ठोकाठोक."

गवंडी तळमजल्यावर खडू घेऊन ताटकळला होता. तिने त्याला तातडीच्या दारालगतची जागा दाखवली, औषधभांडाराची रेघ ओढून होईपर्यंत तिथेच थांबली आणि मग निवांत चहाला गेली.