गोटी दिसते तोवर

हुशार माणसांचं मला फारसं कौतुक नाही. हुशारी मिरवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातली निम्मी नुसतीच बडबडी निघाली. पण माझ्या निरक्षर काकूनं एका उन्हाळ्यात आठ दिवसांत जे केलं, ते आठवलं की मी आजही थक्क होते.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, म्हणून सौंसरला मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी मला पांढुर्ण्याला त्यांच्याकडे ठेवलं होतं. घराच्या मागच्या पडवीत काकांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गॅसची एक टाकी, हातानं फिरवायचं यंत्र आणि गोटीच्या बाटल्या. बाटल्या भरून गावात जायच्या, रिकाम्या होऊन परत यायच्या, आणि धुऊन पुन्हा भरल्या जायच्या. एखादी फुटलीच, तर काच भट्टीसाठी नागपूरला परत जाई आणि आतली गोटी काकू एका डब्यात जपून ठेवी. नवी बाटली येणं ही आमच्याकडे घरात सून येण्याइतकी मोठी गोष्ट होती.

परत आलेल्या बाटल्यांत काय नसे! मुंग्या, माती, विडीची थोटकं. त्या धुवायला ड्रम कापून केलेली चार टाकी ओळीनं मांडली होती. पहिल्यात बाटली घासायची, दुसऱ्या-तिसऱ्यात विसळायची, चौथ्यात शेवटचा हात फिरवायचा. दुपारी चारही टाकी नालीत उपडी करायची आणि चारही पुन्हा भरायची. संध्याकाळी परत तेच. पाणी गल्लीच्या सामाईक विहिरीचं.

नागपूर आमची राजधानी राहिली नाही आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात भोपाळच्या हवाली झालो, त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा होता. विहिरीचा तळ दिसू लागला. नेमके तेव्हाच काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरच्या दवाखान्यात होते. समोरच्या म्हाताऱ्या शेजारणीनं नगरपालिकेत तक्रार केली, की आमचा कारखाना गल्लीचं पाणी पिऊन टाकतो. तक्रार खोटी नव्हती, म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

नगरपालिकेचा कागद आला तो हिंदीत. हिंदी बोलण्यात आम्ही कोणाला हार जाणारे नव्हतो, पण कचेरीची हिंदी निराळी असते. घरात वाचता येणारी मी एकटी. मराठी शाळेत जाणारी, बारा वर्षांची, आणि स्वतःला मोठी पंडिता समजणारी. मी कागद खाडखाड वाचून दाखवला. आठव्या दिवशी बाबू घरी येणार होता आणि पाण्याच्या भांडणाबाबत राजीनामा लिहून घेणार होता. राजीनामा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. वडिलांच्या शाळेतल्या एका मास्तरांनी नुकताच दिला होता. आपण कारखाना सोडतो असं लिहून द्यायचं आहे, असं मी काकूला सांगून टाकलं.

काकूनं कागद माझ्या हातातून घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाली, "थे डोळ्याले पट्टी बांधून येतीन, अन् मी त्यायले सांगू का, का तुमच्या मागं मी कारखाना देऊन बसली?"

काकांना यातलं काही कळवायचं नाही, असं तिनं ठरवलं. आठ दिवसांत पाणी इतकं कमी करून दाखवायचं, की बाबूला राजीनामा मागायला तोंडच राहू नये. पहिल्या दिवशी आम्ही टाकी अर्धी अर्धीच भरली. बाटल्या वाळल्यावर काचेवर पांढुरकी झाक राहिली. काकूनं एकेक बाटली उजेडात धरून पाहिली आणि सगळ्या परत पहिल्या टाक्यात टाकल्या. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच पाणी गेलं. आता काही खरं नाही, असं मी बोलून दाखवलं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डब्यातल्या चार गोट्या काढल्या आणि एकेका टाक्यात एकेक सोडली. पहिल्या टाक्यात गोटी दिसेनाशी झाली. दुसऱ्यात दिसली न दिसली. तिसऱ्यात तळाशी हिरवट चमकली. चौथ्यात इतकी लख्ख दिसत होती, की हात घालून उचलावी. मी मात्र सवयीनं ते चौथं टाकं उपडं करायला वाकले होते. काकूनं माझं मनगट धरलं.

"थांब पोरी. हे पाणी काहून फेकून राहिलो आपण? हे तं बाटलीहून चोख हाय."

मग तिनं फक्त पहिलं टाकं रिकामं केलं. दुसऱ्यातलं पाणी पहिल्यात ओतलं, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, चौथ्यातलं तिसऱ्यात. विहिरीचं ताजं पाणी घातलं ते एकट्या चौथ्यात. पुढं तेच चालू राहिलं. बाटली पहिल्याकडून चौथ्याकडे जाई आणि पाणी चौथ्याकडून पहिल्याकडे येई. बाटली जसजशी स्वच्छ होत जाई, तसतसं तिला स्वच्छ पाणी भेटत जाई. पाणी केव्हा सरकवायचं, ते गोटी सांगे. गोटी दिसते तोवर पाणी कामाचं. मी उभी राहून पाहतच राहिले. शाळेत मी गणितात पहिली येत होते, आणि त्याच चार टाक्यांपाशी दोन वर्षं रोज उभी राहूनही मला हे दिसलं नव्हतं. रामाकोना गावाजवळच्या शेतात तिचं लहानपण डोक्यावर हंडे वाहण्यात गेलं होतं. तिला ते दिसलं.

पहिल्या टाक्यातलं घाण पाणीसुद्धा तिनं सोडलं नाही. ते एका खड्ड्यात निवळू द्यायचं, वरच्या पाण्यानं बाटल्यांच्या पेट्या धुवायच्या, आणि उरलेलं संध्याकाळी गल्लीच्या धुळीवर शिंपडायचं. चौथ्या दिवशी शेजारीण आपणहून पडवीत आली. भर दुपारी विहिरीवर आमचा दोर वाळत पडलेला पाहून तिला चैन पडेना. तुम्ही दुसरी विहीर खोदली का, असं तिनं विचारलं. काकूनं तिला चौथ्या टाक्यातली गोटी दाखवली. म्हातारी त्या टाक्याच्या काठाशी किती तरी वेळ बसून होती.

आठव्या दिवशी शेजारणीला घेऊन बाबू आला. तो जबलपूरकडचा होता. त्यानं टाकी पाहिली, चौथ्यात बोट बुडवलं आणि कागद काढला. एवढं पाहूनही राजीनामा घेणारच का, असं काकूनं त्याला विचारलं. तो गोंधळला. मग हसून म्हणाला, "बाई, राजीनामा यानी समझौता. दोनों पक्ष राजी."

मला विहिरीत उडी घ्यावीशी वाटली. पण तेवढं पाणी तिच्यात नव्हतं.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं पोरी," ती म्हणाली. "तू बरोबर वाचलं असतं, तं दोन बादल्या कमी घेतो म्हणून मी मोकळी झाली असती."

कारखाना चालू राहील, आणि दुपारच्या आत गल्लीच्या बायकांचं पाणी आधी, असं कागदावर लिहिलं गेलं. शेजारणीचा अंगठा स्वच्छ उमटला. मग काकूनं लावला, तर कागदावर नुसता निळा डाग. बाबूनं तिला हात पुसायला सांगितलं. पुन्हा डागच. तिसऱ्यांदाही एक रेघ उठेना. आठ दिवस पाण्यात राहून तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. कोणाचा अंगठा म्हणून हा लावून घेऊ, असं बाबू विचारू लागला.

शेजारणीनं काकूचा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि पदरानं पुसला.

"लिहा बाबू," ती म्हणाली. "हा अंगठा हिचाच हाय. साक्ष मी देतो."