अप्पांच्या गळ्यातला दोरा

अप्पांना लकवा मारला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून त्यांच्या अंगात सदरा मीच घालायची, आणि लेकीच्या हातून कपडे घालून घेणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून शहरातल्या एका कॉलेजच्या मॅडम माणसाच्या अंगावर कपडे चढवणारा रोबो घेऊन आमच्या गावी, सास्तूरला आल्या, तेव्हा अप्पा लगेच हो म्हणाले. मी मात्र तो लोखंडी हात बघूनच दोन पावलं मागं सरले.

"गळ्यात दागिना वगैरे काही?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय," अप्पा म्हणाले. मीही मान हलवली. खोटं नव्हतं आमचं. आम्ही लिंगायत, दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग बनियनच्या आत होतं. पण ते तान्हेपणापासून अंगावर असतं, अंघोळीलाही उतरत नाही. त्याला दागिना कोण म्हणतं?

यंत्रानं बाही झकास चढवली. मग हाताच्या टोकाचा चिमटा कॉलरकडं वळला आणि कापडासोबत डबीचा दोराही धरून ओढायला लागला. अप्पांचा आवाजच बंद झाला. दोरा मानेत रुतला, डोळे मोठे झाले. मॅडमनी लाल बटण दाबलं. हात थांबला, पण चिमटा काही सुटेना! "अहो, उघडा ना!" मी ओरडले. त्या नुसत्या बटणं चाचपत राहिल्या. अगं आई गं, मी धावत जाऊन कात्री आणली, ती घाईत दोनदा खाली पडली.

कात्री दिसताच अप्पांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मान हलवत होते, नको. श्वास मिळेना, तरी नको. लिंग अंगावेगळं होणं म्हणजे जिवंतपणी मरण, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी रडत रडत त्यांची बोटं सोडवली आणि दोरा कापला. खोकतच त्यांनी डबी छातीशी घेतली, मला हात लावू दिला नाही.

आठ दिवसांनी मॅडम चिमटा दुरुस्त करून पुन्हा आल्या. मी दारातच आडवी उभी राहिले. "अप्पा, पुन्हा न्हाय! मला लई भीती वाटती."

"येऊ दे त्यांला," अप्पा आतनं म्हणाले. "दोऱ्याचं मी आधीच सांगतो." मग माझ्याकडं न बघता मॅडमना म्हणाले, "फकस्त ह्या पोरीला भाईर बसवा. हिच्या हातानं मला आता कापडं नको."

मी ओट्यावर बसले. आत यंत्र सुरू झालं. अप्पांचा श्वास ऐकू येतोय का, एवढंच मी कान लावून ऐकत राहिले.