टीपॉयच्या काचेवर घासलेला रंधा

तुमचे आजोबा माझ्याशी शेवटचं वाक्य बोलले ते एका बल्बबद्दल. इरा, अर्णव, अशा लेखात जपून ठेवण्यासारखं एखादं गंभीर वाक्य असावं अशी वाचणाऱ्यांची अपेक्षा असते हे मला ठाऊक आहे, पण माझा नाइलाज आहे. तळेगावच्या इस्पितळात नाकाला ऑक्सिजनची नळी, छातीवर तारा चिकटवलेल्या, आणि हे मला खुणेनं जवळ बोलावतात. मी वाकले. "लोणावळ्यात लाइट गेली होती म्हणे. हत्यारांच्या कपाटातला बल्ब उडाला नाही ना, तेवढं बघून ये." मी म्हटलं, "अहो, आधी बरे व्हा." तर म्हणाले, "मी बरा होईपर्यंत सगळ्याला गंज चढेल." श्रावणातली झड लागलेली. मी चरफडत टॅक्सी केली आणि घरी आले. बल्ब चालू होता. कपाटाचं दार धरून त्या पिवळ्या उजेडासमोर उभी असतानाच फोन वाजला... पलीकडून नर्स बोलत होती.

तुम्हा मेलबर्नच्या मुलांना हा बल्ब समजावून सांगायला हवा. लोणावळ्यात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की बंद कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, चपलांवर पांढरी लव उगवते. म्हणून इथे पुष्कळ घरांत एका कपाटात चार महिने बल्ब जळत ठेवतात आणि चांगल्या साड्या, शाली, कागदपत्रं त्यात ठेवतात. आमच्याकडेही असं एक कपाट होतं. त्यात मात्र आजोबांचे पाने, पकडी आणि पटाशा अशी हत्यारं राहायची. माझ्या पैठणीच्या पदरावर काळे ठिपके पडले तेव्हा मी ती त्यांच्यापुढे पसरली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाले, "साडी गंजत नाही ना पण." वर त्यांना असंही वाटत होतं की आपण हिला धीर दिला!

बरं, हत्यारं तरी मोलाची असावीत! कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या पडवीला पत्रे लावून स्वतःची कार्यशाळा केली आणि ती भरली ती आठवडे बाजारातल्या टेम्पोवरून, हायवेच्या कडेला ताडपत्री अंथरून बसणाऱ्यांकडून आणि पुढे मोबाइलवर ‘भरघोस सूट’ दिसली की बोट लावून. मी आयुष्यभर एक वस्तू घ्यायची ती चांगली घ्यायची, या मताची. त्यांचं मत असं की आधी स्वस्तातली घ्यावी, म्हणजे आपल्याला ती खरंच लागते का हे कळतं. वापरून वापरून मोडली तर मग चांगली घ्यावी. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण त्यांची वस्तू मोडायची नाही. मोडली तर ते ती दुरुस्त करायचे आणि दुरुस्त करायला आणखी एक स्वस्तातली वस्तू आणायचे.

जवळच्या खेड्यातले ज्ञानोबा भाऊ, म्हणजे आजोबांचे रोज फिरायला जातानाचे मित्र, स्वतः शेतकरी आणि जिभेनं तिखट. एकदा ते पंपाचा नट सोडवायला आमच्याकडून पाना घेऊन गेले आणि तासाभरानं परत आले. "सायेब, तुमच्या ह्या पान्यानं नट फिरायच्या आधी पानाच फिरतोय बघा. हत्यार हाय का जत्रंतलं खेळणं?" आजोबा मुळीच ओशाळले नाहीत. पान्याचा जबडा कानशीनं घासत बसले आणि म्हणाले, "भाऊ, स्वस्त हत्यार म्हणजे अर्धा शिजलेला भात. कारखान्यानं चूल पेटवून दिलीय, वाफ आपण आणायची." "आन् तवर आमी उपाशी?" ज्ञानोबा म्हणाले. पाना नंतर नटाला घट्ट बसला, हे मला मान्य करावं लागतं. ज्ञानोबांनीही मान्य केलं, फक्त आजोबांसमोर नाही.

ही वाफ आणण्याची पद्धत मी इतकी वर्षं पाहिली की झोपेतही सांगेन. नवीन वस्तू आली की ती त्या दिवशी वापरायची नाही. आधी ती पूर्ण खोलायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या थाळ्यांमध्ये. कारखान्यात फासलेलं चिकट ग्रीस रॉकेलनं धुवायचं, कडांचे बोचरे काटे घासायचे, धार पुन्हा लावायची, ढिले स्क्रू बदलायचे, प्लास्टिकची मूठ हाताला बोचली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. मग प्रत्येकाची खोड शोधायची. ही करवत डावीकडे ओढते, तो हातोडा डोक्याकडे जड आहे, ते ड्रिल थोडा वेळ चाललं की तापतं. तापलं की आजोबा थांबायचे आणि चहा मागायचे. पडद्याचा एक दांडा बसवायला आमचा अख्खा रविवार जायचा, आणि चहाची पावडर. मी म्हणायचे, "एक चांगलं ड्रिल आणा आणि मोकळे व्हा." ते म्हणायचे, "मोकळा होऊन काय करू?"

तीन गोष्टींत मात्र ते कधीही स्वस्ताच्या वाटेला गेले नाहीत. ग्राइंडरची चकती, काम करताना डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि विजेची वायर. "जे गरगर फिरतं, जे डोळ्याला लागू शकतं आणि ज्यात करंट आहे, तिथे पैसे वाचवायचे नाहीत," असं ते ज्ञानोबांनाही बजावायचे. घरात एवढी अक्कल असताना तिचा उपयोग इतर कशात का होत नाही, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा.

सगळ्यात मोठा वाद रंध्यावरून झाला. रंधा म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. त्याचा लोखंडी तळ अगदी सपाट असावा लागतो. त्यांनी आणला होता त्याचा तळ पाटावरवंट्याइतका सपाट होता. सपाट करायला त्याहून सपाट काहीतरी हवं, आणि घरात सपाट म्हणजे काच... दिवाणखान्यातल्या टीपॉयची. मी दोन दिवसांसाठी पुण्याला बहिणीकडे गेले होते. परत आले तर हे टीपॉयवर पॉलिश पेपर पसरून त्यावर रंधा पुढे-मागे घासत बसलेले, काळं पाणी गालिच्यावर ओघळतंय, आणि चेहरा असा की जणू अभिषेक चाललाय. काचेवर कायमचे चरे पडले. पाहुणे आले की मी त्यावर टेबलक्लॉथ घालायचे, आणि हे तो उचलून पाहुण्यांना चरे दाखवायचे.

तेरावं झाल्यावर तुमची आई, माझी मुक्ता, परत जायला निघाली तेव्हा तिनं मला समोर बसवलं. "आई, दिवाळीपर्यंत बघू. एवढं मोठं घर, हा पाऊस, आणि तू एकटी. घरातली एक जरी गोष्ट तुझ्यानं निभावली नाही, तर मी तिकीट काढणार आणि तू मेलबर्नला येणार. चालेल?" मी म्हटलं चालेल. मी शिस्तीची बाई आहे, माझ्यानं काय निभावणार नाही? खरं सांगायचं तर मला हे घर सोडायचं नव्हतं, आणि तसं म्हणण्याऐवजी मी पैज लावून बसले.

भाद्रपदात स्वयंपाकघराचं मागचं दार फुगलं. ते दर पावसाळ्यात फुगतं. आजोबा त्याच्या कडेला मेणबत्ती घासायचे, आतून सुतळी बांधायचे आणि म्हणायचे, "दिवाळीपर्यंत थांब, लाकूड आपोआप आटतं." मी याला शुद्ध आळस समजत असे. यंदा सुतळी बांधायला कोणी नव्हतं आणि माझी गाठ माकडांनी सोडवली. एक तर आत येऊन ओट्यावर बसलं, माझ्याकडे बघत त्यानं केळी खाल्ली आणि साल व्यवस्थित सिंकमध्ये टाकली. सुताराला फोन केला. तो रोज "उद्या नक्की, मावशी" म्हणायचा. चौथ्या उद्याला मी कपाट उघडलं आणि रंधा काढला.

तो चांगला निघेल अशी माझी अजिबात अपेक्षा नव्हती. दार उतरवणं मला शक्य नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून, उभ्या दाराच्या कडेवरच चालवला. पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्यांदा लाकडाची एक लांब, पातळ, गोल गुंडाळलेली साल निघाली आणि माझ्या मांडीवर पडली. ओल्या सागाचा वास आला. मी आणखी एकदा चालवला. मग आणखी... हात असा सरकत होता की दार मिटायला लागलं तरी मी थांबले नाही. दार कडीसकट सहज मिटलं, मी सगळ्या साली केरसुणीनं गोळा केल्या, आणि त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

आश्विन सरता सरता हवा कोरडी झाली आणि लाकूड आटलं. दाराला एवढी फट पडली की सरडा पाय न आखडता आत येईल. ज्ञानोबा भाऊ दिवाळीला भाताचे पोहे घेऊन आले, तर दारातच थबकले.

"वैनी, दार कुनी तासलं?"

"मीच."

"पावसात?"

"हो, पावसात."

ते पायरीवर बसले आणि खोकला येईपर्यंत हसले. "सायबाला लय राग आला असता."

"त्यांना राग कधी आला होता? एकदा तरी आला असता तर मला भांडता तरी आलं असतं."

"ते बी खरंच हाय," ज्ञानोबा म्हणाले आणि पोह्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

मी फटीत पायपुसणं कोंबलं आणि नेमकं ते मुक्तानं फोनच्या कॅमेऱ्यात पाहिलं. "आई, ते काय आहे दारात?" मी सांगितलं. ती रागावली नाही, हेच वाईट होतं. ती एकदम मऊ आवाजात बोलायला लागली. "असू दे. तू केलंस तेवढं पुष्कळ झालं. मी रविवारी तिकीट बघते."

रविवारला अजून दिवस होते. कार्यशाळेत लाकडाच्या पट्ट्यांचा ढीग होता, कारण आजोबा कुठलाही तुकडा फेकत नसत. त्यातली एक निवडून मी बाकावरच्या शिकंज्यात आवळली. खूण केली, पट्टी लावून, पेन्सिलीनं, मी करते तशी नेटकी. करवत खुणेवरून डावीकडे गेली. मी तिला उजवीकडे वळवली तर ती जास्तच उजवीकडे गेली. ड्रिलनं भोकं पाडली, थांबले, तापलेलं ड्रिल निवेपर्यंत स्वतःसाठी चहा केला, आणि मनात म्हटलं, ह्या माणसानं मला शेवटी आपल्या वेळापत्रकात बसवलं. दाराच्या कडेला स्क्रू पिळून पट्टी बसवली. वरच्या बाजूला ती जाड आहे, खाली बारीक. पण दार बंद केलं तर आवाज झाला, कडी बसली, आणि फटीतला उजेड गेला.

रविवारी फोनवर मी दार उघडून मिटून दाखवलं. इरा, तू कॅमेऱ्यात नाक घालून म्हणालीस, "आजी, फट दिसत नाही." तुझी आई बराच वेळ बघत होती.

"वाकडी आहे, आई."

"आहे."

"तुला चालेल? तुला रोज बघावी लागेल."

"बघेन."

मग तिनं अर्णवच्या दाताबद्दल सांगितलं, तुमच्याकडे उकाडा कसा सुरू झालाय ते सांगितलं. तिकिटाचं नाव निघालं नाही.

फोन ठेवून मी कार्यशाळेत गेले, कारण करवत बाकावर तशीच राहिली होती. पात्यावरचा भुसा झटकला आणि बाटलीतलं तेल फडक्यावर घेऊन पातं पुसलं. तेवढ्यात तेलाचा एक मोठा थेंब माझ्या इस्त्रीच्या पांढऱ्या साडीवर पडला. मी वळून "अहो, हे बघा तुमच्या..." इतकं म्हणून गेले. पडवीत कोणी नव्हतं. पण वाक्य अर्धवट सोडणं मला आवडत नाही. मी ते पुरं केलं, चांगलं मोठ्यानं, आणि मग साडी भिजत घातली.